आधी मापं, मग फोम: लॅपटॉपलाही आणि आईलाही चालेल अशी आरामखुर्ची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहता जुळे सोलापुरात, हॉल दहा बाय बारा, आठवड्यातले चार दिवस घरून पाच-सहा तास लॅपटॉपवर काम. संध्याकाळी त्याच खुर्चीत वाचन, टीव्ही. तुमची उंची पाच फूट सहा इंच, आईंची चार फूट अकरा, आणि त्यांचे गुडघे दुखतात. तयार आणलेल्या सिंगल सोफ्यात दोघंही अर्ध्या तासात अवघडता. सुतार सागवानात खुर्ची करून द्यायला तयार आहे, पण ‘ड्रॉइंग द्या’ म्हणतो. आणि तुम्ही विचारताय की ४० डेन्सिटीचा फोम टाकला की काम होईल का, वरून रेक्झिन घ्यावं की कापड.

फोमने काम होणार नाही. फोम हा शेवटचा इंचभर आराम देतो, बाकीचा आराम मापांत आणि कोनांत असतो. माप चुकलेल्या खुर्चीत भारी फोम टाकला तर ती दुकानात दहा मिनिटं छान वाटते, घरी आल्यावर पुन्हा तेच. तुमची खरी अडचण वेगळीच आहे: एका बैठकीकडून तुम्ही तीन कामं मागताय. टायपिंगला ताठ पाठ लागते, वाचनाला रेललेली, आणि आईंना पटकन उठता येईल अशी. रेलायचं तर बैठक मागे उतरती हवी, आणि बैठक जितकी उतरती तितकं उठणं अवघड. या ओढाताणीत नेमकं कुठे थांबायचं, ते ठरवणं म्हणजेच खुर्चीचं डिझाइन.

हेही आधीच सांगतो की पाच-सहा तासांचं सलग टायपिंग कुठल्याच आरामखुर्चीत करू नका. त्यासाठी टेबल आणि साधी ताठ पाठीची खुर्ची लागते. आरामखुर्चीत फोनवरच्या मीटिंगा, वाचन, मेल बघणं, आणि एका वेळी पाऊण तासापर्यंत टायपिंग, एवढं उत्तम होतं. हे मान्य असेल तर पुढचं वाचा. मान्य नसेल तर सागवानाचे पैसे वाचवा.

मापं कुणाची आणि कशी घ्यायची

भारतीयांच्या शरीराची मापं अहमदाबादच्या एनआयडीने, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, १९९७ साली संकलित करून छापली आहेत आणि डिझाइनवाले ती वापरतात. पण ती असतात हजारोंसाठी बनणाऱ्या खुर्चीसाठी. तुमच्या खुर्चीत बसणार दोनच माणसं, मग थेट त्यांनाच मोजा. शिंप्याची टेप घ्या. कडक स्टुलावर, अनवाणी, मांड्या जमिनीला समांतर ठेवून बसा. घरात आपण चप्पल घालत नाही, त्यामुळे परदेशी तक्त्यांत बुटासाठी धरलेले दोन-अडीच सेंमी आपल्याला नकोत. इंटरनेटवरची मापं जशीच्या तशी घेऊन केलेल्या खुर्च्या आपल्याकडे उंच होतात, त्याचं हे एक कारण.

तीन मापं पुरतात. पहिलं, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. दुसरं, भिंतीला पाठ टेकवून, भिंतीपासून त्याच खळगीपर्यंत. तिसरं, खांदे सैल सोडून, बैठकीपासून कोपरापर्यंत. तुमच्या उंचीवरून माझा अंदाज अनुक्रमे ४१-४२, ४७-४८ आणि २२-२३ सेंमी, आणि आईंचा ३७, ४२-४३ आणि २० च्या आसपास. प्रत्यक्ष माप घेतल्यावर एखादा सेंमी इकडेतिकडे होईल. त्यापेक्षा जास्त फरक आला तर पुढचे आकडे त्या प्रमाणात बदला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका गोष्टीत: माप दाबलेल्या गादीवर धरायचं असतं. सुतार लाकडाची उंची धरतो, कुशनवाला वर साडेचार इंच गादी चढवतो, आणि माणूस बसल्यावर ती किती खाली जाते याचा हिशेब दोघांच्याही वहीत नसतो. म्हणून ड्रॉइंगवर ‘बसल्यावर १६ इंच’ असं लिहा आणि लाकडाची उंची वेगळी लिहा.

बैठक

उंचीपासून सुरू करू. गुडघे दुखणाऱ्यांना उंच बैठक द्या असं सगळे सांगतात, आणि साधारण उंचीच्या माणसाला ते बरोबरही आहे, कारण बैठक जितकी उंच तितकं उठताना गुडघ्याला कमी वाकावं लागतं. पण आईंच्या खळगीचं माप ३७ आहे. त्यांना ४६ सेंमीच्या बैठकीवर बसवलं तर पाय लोंबकळतील, सगळा भार मांडीच्या खालच्या बाजूवर येईल आणि वीस मिनिटांत पायाला मुंग्या. म्हणून बसल्यावर पुढची कड १६ इंच, म्हणजे साधारण ४१ सेंमी ठेवा. तुम्हाला ती नेमकी बसते. आईंना चार सेंमी जास्त होते, त्यावर उपाय घरातच आहे: जेवायचा जुना पाट. निवांत बसताना पायाखाली पाट, उठायच्या आधी तो पायानेच बाजूला सारायचा. ही सवय लावावी लागते, नाहीतर तोच पाट अडखळायला कारण होईल.

उठणं सोपं होतं ते उंचीपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींनी. एक, खुर्चीची पुढची बाजू खालून मोकळी हवी. उठताना माणूस आपोआप टाचा गुडघ्यांच्या मागे घेतो. सोफ्यासारखी खालपर्यंत बंद फळी असली की टाचा तिला अडतात आणि मग तोल सावरायला कुणाचा तरी हात लागतो. तुमच्या सिंगल सोफ्यात हेच होत असणार. दोन, खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत, किंबहुना इंचभर पुढे आलेले हवेत, म्हणजे तळव्यांनी रेटा देता येतो. हात मागेच संपले की रेटा पाठीमागून येतो आणि खांदे दुखतात.

आता खोली. तुमचं माप ४८ आलं तर बैठक ४४ सेंमी, म्हणजे सव्वासतरा इंच. खळगी आणि कड यांच्यात दोन-तीन बोटं सरकली पाहिजेत. दुकानातले सोफे ५५-६० सेंमी खोल असतात. त्यात पाठ टेकवायला मागे सरकलं की कड पोटरीत रुतते, म्हणून माणूस पुढे सरकतो, कमरेमागे पोकळी राहते आणि पाठीची कमान होते. ‘सोफ्यावर कंबर दुखते’ या तक्रारीचं बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. आईंना ४४ सुद्धा जास्त आहे. त्यांच्यासाठी पाच सेंमी जाडीचा छोटा तक्क्या नाड्यांनी पाठीला बांधता येईल असा करून घ्या. त्या बसल्या की तक्क्या खाली, तुम्ही बसलात की नाडीला धरून मागे टाकायचा.

उतार पावणेदोन इंच. म्हणजे बैठकीची मागची बाजू पुढच्यापेक्षा पावणेदोन इंच खाली. सव्वासतरा इंचांच्या खोलीत हा कोन जेमतेम सहा अंश होतो. निव्वळ आरामाच्या खुर्चीला दहा-पंधरा अंश देतात, कामाच्या खुर्चीला तीन-पाच. सहाच्या वर गेलात तर आईंना उठता येणार नाही, चारच्या खाली आलात तर रेलल्यावर तुम्ही पुढे घसराल, कारण पाठीवर दिलेला रेटा बूड पुढे ढकलतो आणि त्याला अडवायला उतार लागतो.

रुंदी दोन हातांच्या मध्ये २२ इंच. इथे एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: खुर्चीवर मांडी घालून बसता का? आपल्याकडे निम्म्या घरांत बसतात, आणि कुठल्याच कॅटलॉगमध्ये त्याचा विचार नसतो. पूर्ण मांडीला २६ इंच लागतात, पण मग हात इतके लांब जातात की कोपर टेकवायला खांदे फाकवावे लागतात. एक पाय दुमडून बसायला २२ पुरतात. मी २२ च ठेवीन. मांडी घालून बसायला दिवाण आहे की ओ.

पाठ: इथे जरा जास्त वेळ घालवू

पाठ मागे टेकली की वरच्या अंगाचा काही भार कण्यावरून पाठीच्या गादीवर जातो. स्वीडनमधले हाडांचे सर्जन आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजून हे दाखवलं: आधाराशिवाय बसल्यावर तो दाब उभं राहण्यापेक्षाही जास्त, आणि पाठ मागे झुकवून टेकवली की कमी. म्हणजे रेलणं हा आळस नव्हे. पण टायपिंग करताना रेललात तर हात लांब जातात आणि मान पुढे येते. एकाच कोनात ही दोन्ही कामं बसत नाहीत, म्हणून पाठीचा कोन बदलता आला पाहिजे.

यासाठी महागडं मेकॅनिझम लागत नाही. मॉरिस चेअर म्हणून एक जुना प्रकार आहे, १९ व्या शतकात इंग्लंडात मॉरिस अँड कंपनीने तो घरोघरी नेला. पाठीची चौकट तळाशी फिरती, दोन्ही हात पाठीच्या मागेपर्यंत लांबवलेले, त्या लांबवलेल्या भागात खाचा, आणि खाचांत आडवा दांडा. पाठ त्या दांड्यावर टेकते. दांडा मागच्या खाचेत टाकला की पाठ जास्त झुकते. कापडी ईझी चेअरच्या खाचा तुम्ही पाहिल्या असतीलच, तत्त्व तेच. कुठलाही बरा सुतार हे करू शकतो.

आकडे असे. फिरण्याचा बिंदू मागच्या पट्टीपाशी, जमिनीपासून पावणेबारा इंचांवर. हाताची वरची बाजू साडेतेवीस इंचांवर. या उंचीला खाचा एकमेकींपासून साधारण दीड इंचावर पाडल्या की दर खाचेला पाठ सहा अंश झुकते. पहिल्या खाचेत बैठक आणि पाठ यांच्यातला कोन ९८ अंश यावा, तो टायपिंगचा. दुसऱ्यात १०४, वाचन आणि मीटिंगचा. तिसऱ्यात ११०, नुसत्या आरामाचा. पहिली खाच फिरण्याच्या बिंदूच्या उभ्या रेषेपासून मागे तीनेक इंचांवर येते, पण चौकटीच्या जाडीप्रमाणे हे बदलतं. तेव्हा सुताराला आधी दांडा शिकंजात पकडून कोन तपासायला सांगा आणि मगच पटाशी लावू द्या. कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप पुरतं: पाठीवर ठेवा, उभ्या रेषेपासून १४, २० आणि २६ अंश आले की झालं. बैठकीचा सहा अंशांचा उतार त्यात धरलेला आहे.

या रचनेत चुका ठरलेल्या असतात. खाच उथळ पडते आणि कुणी धपकन टेकलं की दांडा उसळतो; खाच किमान अर्धा इंच खोल आणि तळाशी किंचित मागे वळलेली हवी. दांडा पाऊण इंच जाडीचा, शिसवीचा किंवा लोखंडी पाइपचा. सागाचा बारीक दांडा वाकतो. तळाला बिजागऱ्या लावून बारीक स्क्रूवर भागवलं तर वर्षभरात स्क्रू ढिले होतात, म्हणून चौकटीच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांतून आरपार १० मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर आणि लॉकनट. आणि मागचे पाय हातांच्या मागच्या टोकाखाली, म्हणजे फिरण्याच्या बिंदूच्या आठ इंच मागे असले पाहिजेत. काही सुतार दिसायला सुटसुटीत म्हणून पाय पुढे घेतात. तसं केलं की तिसऱ्या खाचेत खुर्ची मागे कलंडते.

पाठीची लांबी बोल्टपासून ३१ इंच, म्हणजे तुमचं डोकं टेकेल. तिसऱ्या खाचेत पाठीचं वरचं टोक मागच्या पायांच्याही साडेपाच इंच मागे जातं, त्यामुळे भिंतीपासून सात इंच सोडून खुर्ची मांडावी लागेल. दहा बाय बारात हे बसतं, पण खिडकीच्या पडद्याशी गाठ पडणार नाही ना, ते आधी बघा.

कमरेचा फुगवटा बसल्यावरच्या गादीपासून सात-आठ इंच वर, एक इंच पुढे आलेला, बस. त्याच्या खाली पाच इंचांचा पट्टा मोकळा किंवा पातळ ठेवा, कारण बूड मागे जायला जागा लागते. कुशनवाले पाठीची गादी खालपासून वरपर्यंत एकसारखी जाड भरतात. मग बूड पुढे येतं आणि फुगवटा कमरेला न लागता बरगड्यांखाली टोचतो. शिवाय पाठ मागे झुकली की फुगवटा अंगावरून सेंमी-दोन सेंमी सरकतो, कारण खुर्ची आपल्या खुब्याच्या सांध्यात वाकत नाही, त्याच्या खाली-मागे वाकते. म्हणून फुगवटा गादीत शिवून टाकू नका, वेगळी छोटी उशी करून पट्ट्यावर वर-खाली करता येईल अशी ठेवा. डोक्याच्या उशीचंही तसंच. आईंचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं तीन-चार इंच खाली येतं, तेव्हा ती उशी पाठीवरून मागे टाकलेल्या, टोकाला वजन शिवलेल्या पट्ट्यावर लटकती असावी.

हात आणि लॅपटॉप

हात चार इंच रुंद, सव्वा इंच जाड, पुढे गोलाई दिलेले. चार इंचांवर चहाचा कप नीट राहतो, तीन इंचांवर राहत नाही. लॅपटॉप मात्र हातावरही नको आणि मांडीवरही नको. मांडीवर ठेवला की पडदा इतका खाली जातो की मान सतत वाकलेली, आणि एप्रिल-मेमध्ये मांडी भाजते ती वेगळीच. सी आकाराचं सरकतं टेबल करून घ्या, उंची साडेचोवीस इंच, फळी पाऊण इंच. ही फळी हातांच्या वरून जेमतेम सरकते आणि तुमच्या मांड्यांनाही लागत नाही. तिचा तळ खुर्चीखाली जायला पुढची पट्टी जमिनीपासून साडेदहा इंचांवर संपली पाहिजे. मघाशी टाचांसाठी मागितलेली मोकळी जागा हीच. टेबलावर लॅपटॉप सहा-सात इंच उंच स्टँडवर, कीबोर्ड आणि माउस वेगळे. एवढं केलं तर पाऊण तास आरामात निघतो. नुसता लॅपटॉप उघडून बसणार असाल तर अर्धा तासही जास्त आहे.

लाकूड आणि सांधे

एवढ्या चौकटीला साधारण पाऊण घनफूट सागवान लागतं, कापातली तूट धरून सव्वा घनफूट घ्या. पाय पावणेदोन इंच चौरस, बैठकीच्या पट्ट्या तीन बाय एक. बैठकीची बाजूची पट्टी उतारातच बसवायची: पुढे वरची कड साडेतेरा इंचांवर, मागे पावणेबारावर. जुन्या वाड्याच्या तुळया-खांबांचं साग मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त आतले खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं जातं.

सोलापुरात लाकडाचा ओलावा हा खरा शत्रू. पावसाळ्यात कापलेलं, अर्धवट सुकलेलं लाकूड वापरून दिवाळीला खुर्ची घरी येते, आणि पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लाकूड आक्रसून सांधे कुरकुरायला लागतात. सांधे खाच पाडून आत कुसू बसवलेलेच हवेत. पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश कुसू, लांबी किमान सव्वा इंच, आणि फेव्हिकॉल दोन्ही अंगांना लावलेला. नुसता फेव्हिकॉल आणि तिरपा खिळा मारलेला सांधा मागच्या पट्टीवर टिकत नाही, कारण माणूस टेकतो तेव्हा सगळा पीळ तिथेच येतो. चारही आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी ठोकळे स्क्रूने बसवून घ्या.

पायांखाली रबरी बूट लावा. टाइल्सवर आईंनी हातांवर रेटा दिला की खुर्ची मागे सरकते, आणि शहाबादी फरशीवर चौथा पाय अधांतरी राहून डुगडुगते. दोन्हींवर तो एकच उपाय.

आता तुमचा फोम

४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. तो किती दिवस टिकेल याचा हा अंदाज आहे, किती मऊ-कडक आहे याचा नाही. ४० डेन्सिटीत मऊही मिळतो आणि कडकही. दुकानदार सांगेल ते मानायचं नसेल तर वजन करा: २२ बाय २० बाय ४ इंचांचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर सव्वा किलोच्या जरा आत, म्हणजे ११५० ग्रॅमच्या आसपास भरेल. ३२ चा असेल तर ९२० ग्रॅम. वजन बरोबर भरलं तरी तुकडा तळहातावर चोळून बघा. पांढरी पूड निघाली तर वजन वाढवायला आत भर घातलेली आहे, आणि असा फोम लवकर बसतो.

बैठकीला थर असे: तळाला एक इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक थर), त्यावर तीन इंच एचआर ४० (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर पटकन उसळणारा), वर अर्धा इंच मऊ ३२, आणि सगळ्याभोवती पॉलीफिलची, म्हणजे कापसासारख्या पॉलिस्टर तंतूंची, गुंडाळी. एकूण साडेचार इंच. बसल्यावर ते दीड इंच दबतं, खालचे पट्टे अर्धा इंच झोळतात, आणि साडेतेराच्या पट्टीवर तुमची १६ इंच बैठक येते. सगळा मिळून हिशेब हाच, म्हणून एक थर बदलला तर पट्टीची उंचीही बदलावी लागेल. कुशनवाल्याने ‘साहेब, सहा इंच टाकू, मस्त होईल’ म्हटलं तर हाच हिशेब त्याच्यापुढे ठेवा. पुढच्या कडेला फोमची धार तिरपी कापून गोल करायची, नाहीतर लाकडी पट्टी मांडीखाली जाणवत राहते.

फोमखाली प्लायची फळी नको. प्लाय दबत नाही, त्यावर कुठलाही फोम वर्षभरात कडक वाटायला लागतो, आणि हवाही खेळत नाही. इलास्टिकचे पट्टे, सव्वादोन ते तीन इंच रुंद, बोटभर अंतर सोडून, आडवे-उभे विणून. सुती नवार स्वस्त आणि थंड, पण ती सहा महिन्यांत झोळते आणि पुन्हा ताणावी लागते. पाठीला मात्र नवार किंवा वेत उत्तम, कारण तिथे भार कमी आणि घाम जास्त. वेत आपल्या कोरड्या हवेत तडकतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूने ओला फडका फिरवला की तो पुन्हा ताणला जातो. चंडीगडसाठी १९५० च्या दशकात केलेल्या सरकारी खुर्च्या साग आणि वेताच्या होत्या, त्या काही शोभेसाठी नव्हत्या. उत्तरेतल्या उन्हाळ्यात पाठीला वारा लागावा म्हणून तो वेत.

यावरून रेक्झिनचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. मे महिन्यात दुपारी उघड्या हातापायांनी रेक्झिनवर बसून बघा, उठताना सोलून निघाल्यासारखं होतं. कापडच घ्या, आणि सोलापुरात राहून कापड बाहेरून मागवू नका. जाड विणीचं सुती फर्निशिंग, दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं. ५४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं. नखाने ओरखडा मारून धागा उठतो का बघा, आणि तिरपं ओढून विणीत फटी पडतात का बघा. शिवायच्या आधी एकदा धुऊन आटवून घ्या, सुती कापड तीन-पाच टक्के आटतं आणि मग चेन लागत नाही. खोळ काढता येणारीच हवी.

सोलापुरी चादरीचा मोह होणार, ते साहजिक आहे. पण खुर्चीवर ताणून मारायला ती घेऊ नका. तिच्या नक्षीचे धागे उलट्या बाजूला मोकळे तरंगत असतात, स्टेपल पिनेत अडकून उसवतात, आणि शिवणीच्या कडेला सुटतात. ती पाठीवर सैल टाका, शोभतेही आणि धुताही येते. बैठकीवर टाकली तर घसरून चुरगळते. टेरी टॉवेल मात्र या खुर्चीला हवाच: डोक्याच्या उशीवर, आठवड्याला बदलता येईल असा. केसांचं तेल सुती खोळीत एकदा मुरलं की धुऊन निघत नाही, टॉवेलमधून निघतं.

सुताराला द्यायचा कागद

कागदावर एवढंच लिहा: बसल्यावर पुढची उंची १६ इंच, लाकडी पट्टी पुढे साडेतेरा, मागे पावणेबारा, चौकटीची खोली साडेएकोणीस, त्यातले सव्वादोन पाठीच्या दबलेल्या गादीला जाऊन बैठकीला सव्वासतरा उरतात, हातांमधली रुंदी २२, हाताची उंची साडेतेवीस, लांबी साडेअठ्ठावीस, पैकी पुढे एक आणि मागे आठ, पाठ ३१, तीन खाचा. कोन अंशांत लिहू नका, इंच-सुतात लिहा. सुतार गुण्या लावतो, कोनमापक नाही.

लाकूड कापायच्या आधी एक सोपी परीक्षा घ्या. घरातली हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्या, पुढच्या दोन पायांखाली दीड इंचाची पट्टी सरकवा. उतार पाचेक अंशांनी वाढतो. त्या खुर्चीला स्वतःचाही थोडा उतार असतो, म्हणून बैठकीवर मोबाइल ठेवून सहा अंश येईपर्यंत पट्टी कमी-जास्त करा. वर फोमचा तुकडा, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल सात इंचांवर. तुम्ही अर्धा तास काम करा, मग आईंना बसवा आणि कुणी हात न देता उठायला सांगा. त्यांना दोनदा झोका घ्यावा लागला तर उतार एक इंचावर आणा आणि तुमच्या रेलण्यात तेवढी तडजोड करा. हीच परीक्षा चौकट तयार झाल्यावर, पॉलिश मारायच्या आधी पुन्हा घ्या. पायाचं टोक अर्धा इंच कापणं तेव्हा पाच मिनिटांचं काम असतं. आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.